माणूसघाण

लढाई आमच्याकडे आली ती आधी पायवाट होऊन.
उत्तरेकडची पोरं सायकलींना तांदूळ बांधून
ढकलत न्यायची. बसलेली एकही पाहिली नाही.
रात्री चालायची, दिवसा बांबूत झोपायची,
आणि खाल्लेल्या कोंबडीची पावती द्यायची,
परक्या लिपीत, जांभळ्या शाईची.
आईने ती छपरात खोचून ठेवली.
छप्पर गेलं तेव्हा पावतीही गेली.
पैसे अजून यायचेत.

मग सेपोनच्या वरच्या अंगाला
आभाळातून झुडपं पडायला लागली.
ताठ, हिरवी, मातीत नाक खुपसून उभी.
बुआसी मावशी एकाच्या आडोशाला बसली,
उठताना पानाला हात लावला, म्हणाली,
याला मूळ नाही. कुणाचं झाड हे?
तुयेन, त्या पोरांचा म्होरक्या, ओठांवर बोट ठेवून धावत आला:
ते ऐकतं.
नदीपार, दुसऱ्याच देशात, गार खोलीत बसलेले लोक
आपली पावलं ऐकतात.

भिंतींना कान असतात हे आम्हाला माहीत नव्हतं,
आमच्या भिंती विणलेल्या, आरपार दिसणाऱ्या.
मावशी मात्र वाकली झुडपापाशी.
इतक्या वर्षांत कुणी ऐकणारं भेटलं होतं!
म्हशीच्या खुरात किडे पडलेत, तिने सांगितलं.
नवऱ्याला ओझी वाहायला नेलं,
कुठल्या फौजेने ते टोप्यांवरून कळलं नाही.
आणि ते वर घिरट्या घालताय ना बाळांनो,
त्याने कोंबड्या अंडी देईनात.
तुयेनने तिला दंडाला धरून ओढत नेलं.
उत्तर दुपारी आलं.
त्या जागी आता तळं आहे, गोल,
बदकांना आवडतं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी नाक पाठवलं.
हेलिकॉप्टरच्या पोटाला बांधलेलं, झाडांच्या शेंड्यांवरून
हुंगत जाणारं.
गोष्टीतला राक्षस दारात येऊन म्हणतो ना,
माणूसघाण, माणूसखाण,
तसं. फक्त हा राक्षस स्वतः खात नसे,
हुंगून दुसऱ्याला कळवत असे.

मी नऊ वर्षांची, हलकी, झाडावर सरसर चढणारी.
तुयेनने माझ्या हाती डबे दिले.
अख्ख्या तुकडीचं मूत, दुधाच्या पत्र्याच्या डब्यांत,
पलीकडच्या रिकाम्या डोंगरावर नेऊन टांगायचं.
चौदा झाडं, चौदा डबे.
हिंदकळून कोपरापर्यंत ओघळ यायचे,
मी श्वास धरून चढायची.
रात्रभर तो डोंगर पेटत राहिला.
आम्ही इकडच्या गुहेत पोट धरधरून हसलो.
तुयेन म्हणाला, एवढा खर्च करून
त्यांनी आमच्या मुताला ठार मारलं!
मावशीही हसली, दात नसलेलं.
इतकं हसलेलं मला त्यानंतर आठवत नाही.

पहाटे वाट पाहिली.
त्या डोंगरावर गिबनांचं एक कुटुंब होतं,
उजाडलं की मादी आधी सूर लावायची,
नर मागून, पिल्लू अधेमध्ये चुकत.
त्या आवाजावर आई चूल पेटवायची.
उजाडलं.
आईने चूल उशिरा पेटवली.
रिकामा डोंगर, असं आम्हीच म्हणत होतो.
मीच डबे टांगले होते.

परवा आल्या पुन्हा परदेशी मुली,
निळ्या जाकिटातल्या, गोड बोलणाऱ्या,
हातात जमिनीवरून फिरवायचं यंत्र. ते शिट्टी वाजवतं,
मग त्या लाल खुंटी ठोकतात.
डोंगर खुंट्यांनी गोवर आल्यासारखा दिसतो.
एकीने दुभाष्याकडून विचारलं, आजी,
इथे एवढे बॉम्ब का? छावणी होती का मोठी?
मी म्हटलं, डबे होते.
तिने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं कुणास ठाऊक.
मग म्हणाली, तुम्ही दमलात, बसा सावलीत.

बसले नाही.
मला केव्हाची लघवीला लागली होती.
दाबून धरून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत
सगळा डोंगर उतरून खाली आले,
ओढ्यापलीकडे गेले,
आणि मगच बसले.